टापूवरचा भात

माझ्या पायाला भिंगरी होती. काशीत राहणाऱ्या एका दक्षिणी धर्मशास्त्र्याच्या मुलाला परवडेल त्यापेक्षा फार मोठी. संध्याकाळ झाली की मी संकठा घाटावरून निघायचो, शिंदे घाटापर्यंत जायचो, तिथल्या कललेल्या देवळापाशी बसायचो, बसतो न बसतो तोच उठायचो आणि परत यायचो. घरी आल्यावर आई विचारायची, "आलास जग फिरून?" मी चिडायचो, कारण मी खरोखर कुठंच गेलेलो नव्हतो. माघ मेळ्याला प्रयाग, एकदा चुनार, आणि पूल ओलांडून मोगलसराय. एवढंच माझं देशाटन. रंगूनला मास्तर हवा, नैरोबीला कारकून हवा, असं वर्तमानपत्रात दिसलं की मी अर्ज टाकायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच शब्द बोलायचे, "समुद्र?" आणि विषय संपायचा. काय चालतं आणि काय चालत नाही याची व्यवस्था, म्हणजे निर्णय, मागायला लोक आमच्या घरी येत. अण्णांनी एकदा दिलेली व्यवस्था फिरवली असं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि असा हा घरकोंबडा शाळेत इतिहास शिकवायचा! त्यातही स्पेनच्या लोकांनी अमेरिका कशी शोधली आणि कशी गिळली, हा माझा आवडता धडा. पुस्तकात तो दीड पानाचा होता. मी तो आठवडेच्या आठवडे ताणायचो. वाचनालयातले जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचून काढले होते. आपला देश शोधायला निघालेली जहाजं भलत्याच बेटांना लागली आणि तिथल्या लोकांना आपलंच 'इंडियन' हे नाव देऊन मोकळी झाली, हे मी रंगवून सांगायचो. एक राजा पकडला गेला, सुटकेसाठी त्यानं आपला हात पोचेल तिथवर खोली सोन्यानं भरून दिली, तरी त्याला गळा आवळून मारलाच, हे सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "मास्टरसाहब, फिर?" मुलं विचारायची. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणायचे, "इतना इम्तहान में नहीं आता."

खरं सांगायचं तर तोंडानं मी त्या लोकांना लुटारू म्हणायचो, पण मनानं त्यांच्याच डोलकाठीवर चढून बसलेला असायचो. पुढं काय दिसतं, एवढंच मला पाहायचं होतं. मारले गेलेल्यांची गोष्ट मी दोन वाक्यांत उरकायचो आणि पुन्हा शिडं उभारायचो.

आमच्या घरात समुद्र ओलांडलेला माणूस एकच होता, आणि तो मी नव्हतो. तो माझा आतेभाऊ.

आत्या अण्णांची थोरली बहीण. अण्णांची आई लहानपणीच गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. पुढं ती स्वतः विधवा झाली आणि एकुलत्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. डोक्यावर लाल अलवण, अंगात दोन हाडं आणि तोंडात धारदार सुरी, अशी माझी आत्या. अण्णांना 'अरे' म्हणणारी त्या घरात ती एकटी.

आतेभाऊ माझ्याच वयाचा. पाठांतरात त्याचं मन लागेना. संहिता म्हणता म्हणता तो खिडकीतून नावा मोजत बसायचा. अण्णांचा जीव वरखाली व्हायचा, बहिणीच्या मुलाचं काय होणार म्हणून, आणि तो जीव रागाच्या रूपानंच बाहेर पडायचा. युरोपातली लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आम्ही पंगतीला बसलो होतो. आतेभाऊ उशिरा आला, पानावर बसला, भातावर वरण ओतून त्यानं पहिला घास कालवला. अण्णा म्हणाले, "आलास? आयतं गिळायला मात्र बरोबर वेळेवर येतोस."

त्यानं घास पानात ठेवला. हात धुतले. घाटाच्या पायऱ्या उतरून गेला. आम्हाला वाटलं, डुबकी मारायला गेला असेल. तो परत आलाच नाही. ते पान आत्यानं गाईला घातलं.

बऱ्याच दिवसांनी यजमानांबरोबर कलकत्त्याला जाऊन आलेला एक घाटावरचा पंडा निरोप घेऊन आला. गोदीवर मजुरांची रांग जहाजात चढत होती, गळ्यात पत्र्याचे बिल्ले, आणि त्या रांगेत आपला पोरगा. हाक मारली तर तोंड फिरवलं. जहाज कुठलं, असं पंड्यानं विचारलं होतं. चिनीदादचं, असं उत्तर मिळालं. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जाणारी आमच्याकडची माणसं त्रिनिदादला चिनीदाद म्हणत, उसाचा टापू म्हणून.

त्याच दिवशी आत्या संकठा देवीसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पोर भाताला बसेल तेव्हाच मी भाताला बसेन." भात सुटला की तिच्या लेखी पोळीही सुटली, डाळही सुटली. तेव्हापासून रोजचाच उपवास. सकाळी उकडलेलं रताळं, दुपारी बटाट्याची तुपातली भाजी आणि शेंगदाण्याचं कूट, कधी पेरू, कधी पपई. शेजारच्या बायका 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणत नाकं मुरडायच्या. त्यांना काय ठाऊक! एकादशी महिन्यातून दोनदा येते, हिची तर उठलीच नव्हती.

या सगळ्या वर्षांत आत्यानं अण्णांना एका शब्दानंही दोष दिला नाही. तेच त्यांना सोसवेना. पंगतीला बसलं की समोर तिचं रताळ्याचं ताट. अण्णा मग माझ्यावर ओरडायचे. मी उठून घाटावर. घरात कुणी कुठं धड बसत नव्हतं. आई चुलीपासून देवघरापर्यंत उगाच फेऱ्या मारायची.

मग आत्याचं पोट जळायला लागलं. वैद्य आले, नाडी पाहिली आणि अण्णांना बाहेर घेऊन म्हणाले, "मऊ भात, साधं वरण सुरू करा. नाहीतर पुढचा चातुर्मास यांना दिसायचा नाही." अण्णांनी समजावलं, रागावले, हात जोडले. आजारी माणसाला व्रतातून सूट असते, याचे आधार काढून दाखवले. आत्या म्हणाली, "मी सूट मागितलीय का तुझ्याकडे?"

अशातच एकादशी आली. त्या दिवशी सगळ्यांनाच फराळ. बटाट्याची भाजी वाढून घेताना अण्णा समाधानानं म्हणाले, "हा आपला ऋषिमुनींचा आहार."

मला कुठं गप्प बसवतं! "ऋषींनी बटाटा डोळ्यांनी पाहिला नव्हता, अण्णा."

"म्हणजे?"

"हा अमेरिकेतला. स्पेनचे लोक तिकडे गेले, त्यांनी तो जहाजात घालून आणला. रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा. ही हिरवी मिरची तिकडची, पेरू तिकडचा, पपईसुद्धा. या पानात आपलं म्हणावं असं तूप आणि सैंधव."

"जेव गुमान," आई म्हणाली. मी ओरडा खायच्या तयारीनं मान खाली घातली. पण अण्णांचा हात पानावर थांबला होता. ते माझ्याकडे नाही, आत्याकडे पाहत होते. "प्रमाण काय याला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि वाचून दाखवली. मग अण्णांनी आपल्या पोथ्या सोडल्या. उपवासाला चालणाऱ्या अन्नाला हविष्य म्हणतात. त्याच्या जुन्या याद्या ते चार दिवस धुंडाळत होते. बटाटा कुठंच नाही. रताळ्यासारखं काहीतरी निघालं, तोही दुसराच कंद ठरला. इतके आनंदात मी अण्णांना कधी पाहिलं नव्हतं. त्या आनंदाचं कारण मला पाचव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी ते पाटावर बसले, उपरणं सारखं केलं आणि आत्याला बोलावलं. मला जे समजलं ते मी सांगतो, म्हणाले. बटाटा, रताळं, शेंगदाणा हे हविष्य नाही. म्लेच्छांनी समुद्रापलीकडून आणलेला माल आहे. तो खाऊन उपवास घडत नाही.

"म्हणजे इतकी वर्षं माझा उपवास झालाच नाही म्हणतोस?"

"नाही झाला, अक्का. जे घडलंच नाही ते मोडायचा प्रश्न कुठं येतो? आजपासून तू भात खायचास. प्रायश्चित्त मी घेतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं आधीच भात टाकला होता. साजूक तुपाचा वास माजघरात येत होता. मला अण्णांचा भारी अभिमान वाटला. काय डोकं आहे! माझा स्पेन त्यांनी बहिणीला वाचवायला जुंपला होता.

आत्यानं डोक्यावरचं अलवण सारखं केलं. मग उठली. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "झालं ते खोटं झालं. आजपासून खरं करते."

आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं रताळ्यांची टोपली बाहेर गल्लीत नेऊन ठेवली. येता येता तिला काहीतरी आठवलं. "का रे मास्तर, तपकीर कुठली?"

मी अण्णांकडे पाहिलं. खोटं बोलायला हवं होतं. "तंबाखू... तोही तिकडचाच."

अण्णांनी कमरेची डबी काढली आणि कोनाड्यात ठेवली. जन्मभराची तपकीर त्या क्षणी सुटली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आता आत्याचा आहार उरला शिंगाड्याच्या पिठाची लापशी, दूध आणि रामदान्याचा लाडू. रामदाना म्हणजे आपला राजगिरा. नावातच राम, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही. फार पुढं, म्हातारपणी, मी वाचलं की राजगिराही तिकडचाच. तिथले लोक तो मधात मळून देवाच्या मूर्ती करायचे आणि प्रसाद म्हणून खायचे, म्हणून स्पेनच्या पाद्र्यांनी त्याच्या शेतीवर बंदी घातली होती म्हणे. तेव्हा माझं वाचन कमी पडलं हे देवीचेच उपकार. नाहीतर आत्या नुसत्या दुधावर आली असती.

ती वाळत चालली. जिना चढताना भिंतीला धरायला लागली. तपकिरीवाचून अण्णांची अवस्था पाहवत नव्हती. सकाळी शिष्यांवर खेकसायचे, अर्ध्यावर संथा सोडून उठायचे, गच्चीवर जायचे, मणिकर्णिकेचा धूर गच्चीवर आला की खाली यायचे. हात सारखा कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मी शाळेतून आलो की आम्ही दोघं उलट्यासुलट्या दिशांनी त्याच माजघरात फिरत असायचो.

एकदा माझा बांध फुटला. "फिरवा ना तुमची व्यवस्था! म्हणा, बटाटा चालतो."

"शास्त्र काय पगडी आहे, हवं तेव्हा फिरवायला?"

"मग तिला मरू द्यायचं?"

अण्णा खाली बसले. "मी तिला जेवायला घालायला गेलो होतो रे," ते म्हणाले. "त्या पोराला पानावरून उठवलं, निदान हिला बसवावं म्हणून." मी त्यांच्याशी असं बोलायला नको होतं, पण मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्याच्यानं घरात थांबवत नसे.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा जगाचा मोठा नकाशा मी दुरुस्तीला म्हणून घरी आणला होता. आत्यानं तो गुंडाळलेला पाहिला. "तुझा तो चिनीदाद यात आहे का? पसर बघू इथं."

मी नकाशा जमिनीवर पसरला. आत्या त्याच्या कडेला बसली. काशी कुठं, कलकत्ता कुठं, ते दाखवलं, मग आफ्रिकेला वळसा घालून तिचं बोट धरून मी पार पलीकडे नेलं.

"एवढासा?" ती म्हणाली. "तांदळाच्या कणीएवढा? यावर माणसं मावतात?"

"मावतात. स्पेनच्या खलाशानं ठेवलेलं नाव आहे ते. पहिल्यांदा तेच उतरले तिथं."

"तेव्हा रिकामा होता?"

"नाही. तिथले लोक होते."

"मग ते कुठं गेले?"

ही माझी दोन वाक्यांत उरकायची जागा होती. वर्गात मी इथं शिडं उभारायचो. आत्यासमोर ते जमेना. मी सांगितलं. कामाला जुंपून, रोगानं, मारून, तिथले लोक संपत आले. मग राबायला माणसं हवीत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणले. पुढं टापू स्पेनकडून इंग्रजांकडे गेला, गुलाम सुटले, मळे तसेच राहिले. मग कलकत्त्यातून जहाजं सुटायला लागली.

"आणि मग आपला," आत्या म्हणाली. तिनं बोट त्या ठिपक्यावरून उचललं नव्हतं. "म्हणजे माणसं मारून रिकाम्या केलेल्या घरात नेऊन बसवलं त्याला."   त्या डोलकाठीवरून मी त्या दुपारी जो खाली उतरलो तो पुन्हा चढलो नाही.

"तिथं खायला काय मिळतं?" तिनं विचारलं.

"साखर होते. कोको होतो..."

"कोको खाऊन पोट भरतं का? जेवायला काय?"

"ठाऊक नाही, आत्या."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "राजे सांगतोस, जहाजं सांगतोस, सोनं किती मिळालं ते सांगतोस. आणि माणसं जेवतात काय ते ठाऊक नाही? कसला रे तुझा इतिहास!"

मी नकाशा गुंडाळला. पुढचे काही दिवस वाचनालयातले ग्रंथ पालथे घातले. टापूवर किती साखर होते, गव्हर्नर कोण, सगळं होतं. आमच्या माणसांच्या ताटात काय पडतं, हे लिहायला कुणाला फुरसत नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या हिवाळ्यात एक नवी तरकारीवाली बसायला लागली होती. चाळिशीची, काळी, हसरी, हातांवर कोपरापर्यंत गोंदण. अण्णांच्या व्यवस्थेपासून मी तिच्याकडून पालेभाजीखेरीज काही घेत नव्हतो. एक दिवस तिनं मला टोकलंच. "का हो पंडितजी, सकरकंद से झगड़ा हो गयल का? पहिले त रोज ले जात रहला."

मी आधीच वैतागलेलो होतो. म्हटलं, रताळं आमच्याकडे बंद झालंय, ते आपल्या मुलखातलं नाही, समुद्रापलीकडच्या टापूवरचं निघालं.

ती डोक्यावरचा पदर सावरत मोठ्यानं हसली. "टापू क हौ? हम त खुदे टापू से आइल हई!"

"कुठल्या?"

"चिनीदाद."

गिरमिट संपवून ती परतली होती. गावानं घरात घेतलं नाही, म्हणून काशीला येऊन भाजी विकत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी तिला काहीही विचारलं नाही. मी धावत घरी गेलो. भिंगरीचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

आत्या माझा हात धरून पायऱ्या उतरली. तरकारीवाली टोपली घेऊन आमच्या दाराशी आली, उंबऱ्याबाहेर बसली. आत्या उंबऱ्याच्या आत. एरवी विटाळाच्या धाकानं दहा हात लांब राहणारी आत्या त्या दिवशी इतकी पुढं सरकली होती की अलवणाचा पदर बाहेर लोळत होता.

"बेटी, वहाँ हमारे लोग खाते क्या हैं?"

"भात, माई. अउर का खइहैं?"

आत्याचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. "वहाँ चावल कहाँ से आया?"

"हमहन रोपली. दलदल रहल, कमर भर पानी. जेकर गिरमिट पूरा भयल, जमीन लिहलस, धान रोपलस." तिनं आपले हात पुढं करून दाखवले, जणू चिखल अजून लागलेला आहे. "हम अपने हाथे रोपले हई, माई."

"और गिरमिट पूरा होने के पहले?"

"पहिले मालिक के कोठी से चाउर मिलत रहल. जहाजो पे भात. जौने दिन चढ़ली, तौने दिन से भात-दाल."

"बाम्हन का लड़का भी खाता होगा?"

तरकारीवालीनं आत्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. "भूख में सब खइलन, माई," ती हळू म्हणाली. माझ्या आतेभावाला ती ओळखत नव्हती. टापू मोठा, जहाजं कितीतरी गेली. त्या जहाजांवर माणसं मरतातही, हे मला माहीत होतं. आत्यालाही माहीत असणार. तो प्रश्न तिनं विचारला नाही. मीही विचारला नाही.

"मेल्या!" आत्या एकदम ओरडली. तरकारीवाली दचकली. "पहिल्या दिवसापासून भात हाणतोस! आणि मी इथं शिंगाडे चघळत बसलेय!" आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबेना. मी पाठीवर हात फिरवत होतो. मलाही हुंदका आला आणि तो मी दाबला नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल वर."

अण्णा माजघरात पोथी उघडून बसले होते, वाचत नव्हते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली, बाहेरचे लोक बसायचे त्या जागी. "अरे, एक व्यवस्था हवीय," ती म्हणाली. असं ती जन्मात कधी म्हणाली नव्हती. "एका बाईनं देवीपुढं शब्द दिला होता."

अण्णांनी पोथी मिटली. "शब्द नेमके काय होते?"

"पोर भाताला बसेल तेव्हाच मी भाताला बसेन."

"कुठं बसेल, असं म्हटलं होतं?"

"नाही."

"कुणाच्या घरी?"

"तेही नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली जे ऐकलं ते सगळं सांगितलं, दलदल, कमरेएवढं पाणी, जहाजावरचं भात-वरण. बटाट्याला मागितलं होतं तसं प्रमाण त्यांनी या वेळी मागितलं नाही.  "मग तो शब्द पुरा झालेला आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

"कधी?"

"ज्या दिवशी तो जहाजावर जेवला, त्या दिवशी."

"आणि त्यानंतरची माझी वर्षं?"

या प्रश्नाला पोथी नव्हती. अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ती माझ्या माथी, अक्का."

आई केव्हाच आत गेली होती. पान मांडलं गेलं. तपेली घेऊन आई बाहेर आली, तर अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली. या माणसानं आयुष्यात कुणाला मीठसुद्धा वाढलं नव्हतं. त्यांनी वाकून भात वाढला. फार वाढला, मूद फुटली, पानाबाहेर सांडला. वर वरण, वर तूप. आम्ही सगळे उभे होतो.

आत्यानं घास कालवला. तोंडापाशी नेला आणि थांबली. 

"त्या दिवशी तू त्याला आयतं गिळतोस म्हणालास," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता. "आता चिखलात उभा राहून, स्वतः रोपून खातो. ऐकलं हो त्यानं तुझं."

अण्णांचा पळा हवेतच राहिला. त्यांचे खांदे हलत होते. आत्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि पान पुढं सरकवलं.

"उभा काय राहिलास? वाढ अजून."